रडाक येतंस गो?

लोकांना झालंय तरी काय? पदरचे पैसे मोजून रडायला जातात! तेही एकटेदुकटे नाही. गाडी ठरवून, आईला घेऊन, लेकीला घेऊन, शेजारणीला कुंपणावरून ‘रडाक येतंस गो?’ असं राजरोस विचारून. अरे, रडायचंच असेल तर किलोभर कांदे आणा, विळी पुढ्यात घ्या. पाव तासात डोळे लख्ख आणि वर ताटलीभर खेकडाभजी. पण नाही! अंधारात बसायचं, अनोळखी बाईच्या कोपराला कोपर लावायचं, पडद्यावरची कुणाची तरी लेक कुणाच्या तरी घरी निघाली म्हणून हुंदके द्यायचे आणि बाहेर आल्यावर नाक पुसत म्हणायचं, “काय सुंदर पिक्चर होता!” सुंदर? रुमाल पिळून वाळत घालायची पाळी आली, त्याला सुंदर म्हणतात?

आणि हे सगळं चाललंय कुठे, तर आपल्या वालावलात. जिथे कर्लीसुद्धा समुद्राकडे जाताना घाई करत नाही, जिथे लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी बसलं की माणूस विजेचं बिलही विसरतो, त्या गावात डोळ्यांना पाणी यावं असं आहे काय? गावात थिएटर नाही. पिक्चर बघायचा तर निदान कुडाळ गाठायचं. तिथे लागला नसेल तर बांदा ओलांडून थेट पणजी. ‘जरा कुडाळच्या बाजारात जाऊन ये’ म्हटलं की जिचे गुडघे धरतात, ती बाई मायलेकींचा पिक्चर म्हटल्यावर सकाळी आठलाच नेसून, गजरा माळून, गाडीच्या पुढच्या सीटवर. कुठे गेले गुडघे? कुणी बरे केले? आपल्यालाही पत्ता द्या त्या वैद्याचा.

बरं, हे खूळ आजचं म्हणावं तर तसंही नाही. याचा उगम धरायचा झाला तर १९९१ सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या साली विजय कोंडके यांनी ‘माहेरची साडी’ आणला आणि महाराष्ट्रातल्या समस्त बायकांच्या डोळ्यांचे नळ सोडून दिले. तो पिक्चर थिएटरांत आला तो जाईचना. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला निदान लाज असते! गावोगावच्या बाया ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून आल्या, ट्रकात बसून आल्या, एसटीनं आल्या, येताना भाकऱ्या बांधून आल्या. अलका कुबल रडली की हॉल रडायचा. ती जरा थांबली की हॉल नाक शिंकरून पुढच्या रडण्याची तयारी करायचा.

गंमत बघा, ही मूळ कथा आपली नव्हेच. १९८८ साली राजस्थानीत ‘बाई चाली सासरिये’ नावाचा पिक्चर आला होता, तो मराठीत आला, आणि १९९४ मध्ये जुही चावलाला घेऊन ‘साजन का घर’ म्हणून हिंदीतही गेला. राजस्थानचं समजू शकतो, तिथे बिचाऱ्यांना पाण्याचीच टंचाई, जिथून मिळेल तिथून काढणार. पण आपल्या सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो! आपल्याला आणखी पाणी कशाला हवं होतं?

तरी आलंच. गणपतीला नाहीतर मे महिन्यात चाकरमानी आले की कुणीतरी भाड्यानं व्हीसीआर आणायचा. अंगणात टीव्ही, टीव्हीला हार, समोर चटया. रात्रभराचा कार्यक्रम ठरलेला: आधी एक देवाचा, मग एक मारामारीचा, आणि पोरंसोरं झोपली की खरा कार्यक्रम, ‘माहेरची साडी’. पहाटे कोंबडं आरवायचं आणि अंगणात पन्नास बाया एका सुरात मुसमुसत असायच्या. एखादा नवा माणूस होडीतून उतरून वर आला असता तर कुणाची माती आहे म्हणून विचारत बसला असता.

आणि उषा नाडकर्णी! त्यांनी सासू अशी काही रंगवली की त्या रात्री त्यांना पडलेल्या शिव्या ऐकून माडावरचे नारळ गळायचे बाकी होते. शिव्या पुन्हा मालवणीत, म्हणजे सकस. गावातल्या सगळ्यांत खट म्हणून ख्याती असलेल्या सासूबाईच सर्वांत जोरात: “मेली रांड, सुनेक कशी छळता बघ!” आणि मागे वळून स्वतःच्या सुनेला, “गे, चाय टाक बघूया माका, घसो सुकलो.” सून उठली, चहा टाकून आली, आणि तेवढ्यात बुडालेलं रडणं तिनं नंतर दुप्पट करून भरून काढलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे पडदा घसा फोडून सासूला बोलत होता आणि सासूला काही केल्या लागेना!

पण त्या पिक्चरचा खरा डाव वेगळाच होता. त्यातल्या पोरीला आईच नाही. जन्म देऊन आई गेली, बाप पोरीला अपशकुनी मानून बसला. म्हणजे आईची जागा रिकामी. झालं! हॉलमधल्या झाडून सगळ्या बायांनी त्या जागेसाठी अर्ज टाकला. प्रत्येकीला वाटलं, मी असते तर हिला असं होऊ दिलं नसतं. आणि शेजारी बसलेल्या सख्ख्या लेकीला मात्र परवाच ‘सासरी जरा सोसावं लागतंच’ म्हणून एसटीत बसवून आलेल्या! हा कुठला न्याय?

पुरुषांचं काय, असं कुणी विचारेल. पुरुष कुठे रडतात, त्यांच्या डोळ्यांत फक्त काहीतरी जातं. व्हीसीआरच्या रात्री ओटीवर बसलेल्या यच्चयावत पुरुषांच्या डोळ्यांत एकाच वेळी चिलटं गेली होती. शिवाय हे गडी जत्रेच्या रात्री दशावतारात काय करतात ते आपण बघितलेलं आहे. मिशी काढून, लुगडं नेसून आलेला स्त्रीपार्टी नट तारामती म्हणून पेटीच्या सुरावर टाहो फोडतो, तो दिवसा कुठल्या बांधावर असतो हे सगळ्यांना माहीत, तरी पहिल्या रांगेतले म्हातारे टॉवेलात तोंड खुपसून गदगदतात. तिथे ती कला! बायका रडल्या की रडका पिक्चर! नाक मुरडायचा मान कुणाचा, ते ठरलेलंच असतं.

तसं बघायला गेलं तर आई-लेकीच्या दुःखावर वालावलचा हक्क आधीचाच. पलीकडे तेंडोलीत, बागलांच्या राईत जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर, त्यांच्या ‘चानी’ कादंबरीवर व्ही. शांतारामांनी पिक्चर काढला आणि चित्रीकरणाला आपल्या वालावलची निवड केली. १९७७ साली तो आला. चानी झाली होती रंजना. गोऱ्या सोजिरापासून झालेली पिंगट केसांची पोर, आईच्या माथ्यावरचा कलंक तिच्याही माथ्यावर, आणि सगळा गाव हात धुऊन तिच्या मागे. आता बोला! माड तेच, पाणंदी त्याच. पडद्यावरच्या गावानं चानीला हुसकलं आणि पडद्यापुढचा गाव ‘ता बघ, ता आपला तळा!’ म्हणून एकमेकांना कोपरानं ढोसत बसला. आपलं तळं दिसलं की आपल्याला दुःखाचं भान राहत नाही, हा आपला जुना दोष.

मुळात मराठी सिनेमानं आईचं खातं उघडलं ते मुलग्याच्या नावावर. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’ काढला. वनमाला आई, माधव वझे श्याम, आणि राष्ट्रपतींचं पहिलंवहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. सगळं छान, सगळं वंद्य, नाव निघालं की आपणही हात जोडतो. पण हळूच एक विचारू का? श्यामला अक्का होती की! साने गुरुजींच्या पुस्तकात तिच्या लग्नाची एक अख्खी रात्र आहे. लग्न झालं, अक्का सासरी गेली, विषय मिटला. अक्काची आई कशी होती? अक्काला तिची कुठली शिकवण पटली, कुठली नाही? ते कुणी विचारलंच नाही. अक्का बिचारी सासरी भाकऱ्या थापत असणार, पुस्तक लिहायला सवड कुणाला? श्यामच्या पायाला घाण लागू नये म्हणून पदर पसरणारी आई सगळ्यांना पाठ. श्यामा मात्र तशीच ओल्या पायांनी दारात उभी.

मग इतक्या वर्षांचं तुंबलेलं कुठेतरी फुटणारच ना? फुटलं. डिसेंबर २०१९ मध्ये टीव्हीवर ‘आई कुठे काय करते’ ही मालिका सुरू झाली आणि २०२४ संपत येईपर्यंत चालली. पाच वर्षं! पाच वर्षांत आपल्याकडे पूल होत नाही. संध्याकाळी साडेसातला मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती पदर खोचून उभी राहिली की गावातल्या चुली विझायच्या. बांगड्याच्या तिखल्याला तळ लागला तरी कुणी उठत नसे. ‘आज जरा खमंग झालंय’ म्हणून वाढलं जायचं. नवरे गुपचूप खायचे, कारण तिच्या नवऱ्याचे, अनिरुद्धचे, दिवस भरलेले ते बघतच होते. काय दिवस होते! ज्या आज्यांनी आयुष्यात नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नाही, त्या ‘सोड गो त्याका! घे घटस्फोट!’ म्हणून टीव्हीपुढे मुठी आपटत होत्या. नवऱ्यांनी काय करायचं? ते तळ्यावर जाऊन बसत आणि परत आल्यावर सहज विचारत, “मग, काय झाला आज?”

मुंबईची शिकलेली लेक फोनवर बजावायची, “आई, तू काय ते बघतेस? किती मागासलेलं आहे ते!” आई म्हणायची, “होय गो बाय.” दोन दिवसांनी त्याच लेकीचा फोन. इकडचं तिकडचं, हवापाणी, काजूचा दर, आणि मग, “संजना काय म्हणतेय?” बाई गं! मागासलेल्या मालिकेतली नावं कशी काय पाठ झाली तुला? पुढे पुढे तर दोघी फोन चालू ठेवून एकदमच बघायच्या, एक बोरिवलीत आणि एक वालावलात. अरुंधतीची मुलगी आईला उलटं बोलली की दोन्हीकडे एकदम शांतता पसरायची. मग इकडून आई म्हणायची, “काही काही मुली असतात तशा.” तिकडून लेक म्हणायची, “काही काही आया पण असतात.” जाहिराती लागायच्या आणि तह व्हायचा.

यावर कळस चढला तो ३० जून २०२३ रोजी. केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ आला. तारीख नीट बघा! कोकणातली बाई या दिवसांत कुठे असते? चिखलात! तरवा उपटायचा, लावणी करायची, पाऊस माथ्यावर, जोतं शेतात. आणि ऐन हंगामात बायांनी इरली टांगून ठेवली, नथी घातल्या, काळे गॉगल लावले आणि निघाल्या पिक्चरला. गॉगल! धो धो पावसात! मळ्यात चिखल हाटून ठेवलेला, तरवा वाट बघतोय, आणि लावणाऱ्या बाया थिएटरच्या दारात सहा बहिणींच्या पोस्टरपुढे कमरेवर हात ठेवून फोटो काढतायत. आता ‘गेले दिवस’ म्हणून कपाळाला हात लावू नये तर काय करावं?

सहा बहिणी म्हणजे रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब. निमित्त मंगळागौरीच्या स्पर्धेचं. पण सहा बहिणींवर सगळ्यांनी बोलावं, आपल्या बायांचा डोळा दुसरीकडेच. त्यात एक आई आहे, जिच्या लेकीला आपल्या सासूचं भारी कौतुक. लेक उठता-बसता सासूबाईंचे गोडवे गाते आणि आईच्या पोटात कालवाकालव होते. हे बघून आपल्याकडच्या बायकांना जे भरून आलं ते विचारू नका. सासू छळते म्हणून रडणं जुनं झालं हो, सासू चांगली निघाली म्हणून रडणं ही खरी प्रगती! वीस वर्षं जपलेल्या लेकीनं ‘आमच्या आईंची सोलकढी तुझ्यापेक्षा छान होते’ म्हणावं? आणि ‘आमच्या आई’ म्हणजे विहीणबाई! या वाक्याची जखम किती खोल, ते वालावलातल्या कुठल्याही बाईला विचारा. ती बोलणार नाही. सोलकढीत मिरची जरा जास्त वाटेल फक्त.

महाराष्ट्रभर बायकांच्या मंडळांनी अख्खेच्या अख्खे खेळ आपल्या नावावर केले, एकसारख्या साड्या नेसून गेल्या, हॉलमध्येच फुगड्या घातल्या. पिक्चरनं ७० कोटींच्या पुढे मजल मारली. मोठे मोठे हिरो मारामाऱ्या करून दमले, आणि इकडे पन्नाशी-साठीच्या बायांनी पिंगा घालून तिजोरी भरली. आता यातल्या किती कोटींना गजरा माळलेला होता, याचा हिशोब ज्याला येईल त्यानं करावा.

पण खरा खेळ थिएटरात नसतोच, तो परतीच्या गाडीत असतो. पणजी सोडली, पूल ओलांडला की पहिली पाच मिनिटं गाडीत नुसती नाकं वाजतात. म्हापसा आलं की कुणीतरी म्हणतं, “आवशीचा काम बरा केलान हां तिना.” पेडण्यापर्यंत मोर्चा पडद्यावरून सीटवर आलेला असतो. “त्या पोरीनं निदान शेवटी आईला मिठी तरी मारली. आमच्याकडे फोनसुद्धा आपणच करायचा.” खिडकीकडून उत्तर येतं, “फोन केला की आधी ‘इतके दिवस कुठे होतीस’ हेच ऐकायचं असेल तर कोण करेल?” ड्रायव्हर आरसा सरळ करतो. बांद्याला चहासाठी गाडी थांबते, पण आतून कुणी उतरत नाही, कारण दहावीच्या निकालाचं, लग्नात न घेतलेल्या हिरव्या शालूचं आणि धाकटीलाच दिलेल्या पाटल्यांचं प्रकरण एकाच वेळी बाहेर निघालेलं असतं. तिकिटाच्या पैशात एवढं कुठला वकील करून देतो? झारापला पुन्हा रडणं. या वेळचं पिक्चरचं नव्हे. कुडाळला उतरून आई लेकीसाठी गरम भजी घेते आणि लेक ‘तू आधी खा’ म्हणते, मग त्यावरूनही दोघी भांडतात. ड्रायव्हर तेवढा रात्री घरी जाऊन मुकाट्यानं आईचे पाय चेपतो, असं त्याची बायको सांगते. त्याच्या डोळ्यांतही चिलट गेलं असणार.

या वेडाला आता धरबंध राहिलेला नाही. २०२४ मध्ये ‘मायलेक’ म्हणून पिक्चर आला, त्यात सोनाली खरेंनी आईचं काम केलं आणि लेकीचं काम त्यांच्याच खऱ्या लेकीनं, सनायानं. म्हणजे आता नाटक तरी कशाला? ज्यांचं घरात पटतंय की नाही ते आपल्याला ठाऊक नाही, त्यांनी पडद्यावर भांडायचं आणि आपण आपली लेक सोडून त्यांची समजूत पटावी म्हणून देव पाण्यात ठेवायचे! आणि तेवढ्यावर भागतंय होय? आता प्रत्येक घरात रील. लेकीचा मोबाईल दुधाच्या पातेल्याला टेकवलेला, आई डोक्यावर पदर घेऊन दारात, लेक बॅग घेऊन पायरीवर. “आई, जरा डोळ्यांत पाणी आण ना!” “गे, खराच येताहा, थांब.” “आत्ता नको, आत्ता कॅमेरा चालू नाहीये!” तिसऱ्यांदा निरोप देईपर्यंत दोघी हसून लोटपोट. आणि खरोखर तुतारी एक्सप्रेस गाठायची वेळ झाली तेव्हा कुणाच्या लक्षातच नव्हतं रडायचं. मागे काय राहिलं, तर चार्जर आणि कोकमाची बाटली, त्यावरून आरडाओरडा.

सर्वांत अवघड अवस्था आपल्यासारख्या शहाण्यांची. आपल्याला खानोलकर कळतात, आपण इराणी पिक्चर बघितलेत, आपल्याला भडक काय आणि संयत काय यातला फरक ठाऊक. चावडीवर आपण म्हणतोच, की हा सगळा भावनांचा बाजार आहे, पार्श्वसंगीत ओतून डोळे पिळण्याचा धंदा आहे. बरोबरच आहे ते. मग परवा रात्री घरातली सगळी झोपल्यावर मोबाईलचा आवाज बारीक करून, पांघरुणात डोकं घालून, हेडफोन लावून काय चाललं होतं? आणि पांघरूण हलत का होतं? सकाळी डोळे लाल दिसले तेव्हा ‘जागरण झालं’ म्हणालात ना? आम्हीही तेच म्हणालो. देवळात आरतीला भेटलेल्या निम्म्या गावाचं त्या दिवशी जागरण झालेलं होतं.

त्यातून बाहेर पडायचं म्हणावं तर वाट कुठाय? निवृत्त मास्तरांनी ‘या रडारडीचा समाजावर परिणाम’ अशा विषयावर वाचनालयात बोलायचं ठरवलं. अभ्यास म्हणून सगळे पिक्चर बघायला घेतले. तीन आठवडे झाले, भाषणाचं नाव नाही. मास्तर म्हणतात, अजून संदर्भ तपासतोय. बायको म्हणते, संदर्भ तपासताना रुमाल माझा का लागतो? वर गेल्या सोमवारी त्यांनी नगरला दिलेल्या लेकीला स्वतःहून फोन केला. लेक घाबरली, म्हणाली, “बाबा, कुणाला बरं नाही का?”

पुढच्या रविवारची गाडी ठरली आहे, असं ऐकतो. पिक्चर कुठला, ते अजून नक्की नाही. आई आहे, मुलगी आहे, मधेच एकदा पाऊस आणि शेवटी मिठी, एवढं कळलं की पुरे. आगळ, घावणे आणि सुती रुमाल आपापले आणायचे. कागदी चालत नाहीत, नाकाला लगदा होतो. दोन सीट उरल्यात म्हणतात. आपण आपली सहज चौकशी करून ठेवली: खिडकीजवळची असेल तर बघू, नुसतं सोबतीला म्हणून, एवढ्या बायका रात्रीच्या येणार, कुणीतरी पुरुष माणूस नको का? तर म्हणाल्या, सोबत-बिबत ठीक आहे, पण तिकिटाचे पैसे आधी ठेवा, उधारीवर कुणाला रडाक मिळत नाही.